दूरच्या यंत्राचा कारभार



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो यंत्रांचा आहे. परंतु केवळ यंत्रे चालविणाऱ्यांचा नाही. एका जागी बसून दूरदूरच्या अनेक संगणकांचा कारभार कसा पाहतात, त्यांच्यावर नवे सॉफ्टवेअर कसे चढवितात, आणि तसे करताना कोणती पथ्ये पाळावी लागतात, हा तो विषय. सॉफ्टवेअर म्हणजे यंत्राने काय करावे याविषयीच्या लेखी सूचनांचे गाठोडे, एवढे तूर्त ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

आता कोणी म्हणेल, "सर, आमच्या घरी संगणकही नाही आणि त्याचा कारभारीही नाही. आम्हाला याचं काय करायचंय?" खरे आहे. पण तुमच्या खिशातला मोबाईल हा एक संगणकच आहे. रात्री तो चार्जिंगला लावून तुम्ही झोपी जाता. हजारो मैलांवरून कोणीतरी त्यात नवे सॉफ्टवेअर चढवितो, आणि सकाळी पडद्यावर अक्षरे दिसतात : अपडेट पूर्ण झाले. आपल्या शेतात रात्रीतून कोणी पेरणी करून गेला, तर आपण दहा प्रश्न विचारू. आला कोण? कोणाच्या परवानगीने आला? बियाणं कुठलं आणलं? फोनच्या बाबतीत मात्र यातला एकही प्रश्न आपण विचारीत नाही. हे प्रश्न आपल्याआधी काही माणसांनी विचारले, आणि ठेचा खात खात त्यांची उत्तरे शोधली. ती हकीकत आज थोडक्यात ऐकू या.

सुरुवात होते १९६९ साली. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात मरे हिल म्हणून ठिकाण आहे. तेथील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची या दोघांनी पीडीपी-७ नावाच्या एका लहानशा संगणकावर एक प्रणाली उभी करण्यास आरंभ केला. तिचे नाव पडले युनिक्स. त्या काळी संगणक फार महाग. एकेका माणसाला एकेक यंत्र देणे परवडण्याजोगे नव्हते. तेव्हा एकाच यंत्रावर अनेकांनी, एकमेकांच्या पायात न येता, एकाच वेळी काम कसे करावे, हा प्रश्न होता.

युनिक्सने त्याचे उत्तर काढले ते आपल्या जुन्या वाड्यासारखे. वाडा एक, बिऱ्हाडे अनेक. प्रत्येक बिऱ्हाडाची खोली वेगळी, कुलूप वेगळे. युनिक्समध्ये प्रत्येक कागदावर, म्हणजे फाईलवर, तीन गोष्टी लिहिलेल्या असतात : ती कोणी वाचावी, तिच्यात कोणी लिहावे आणि ती कोणी चालवावी. मालकाला एक हक्क, त्याच्या गटाला दुसरा, बाकी जगाला तिसरा. आणि सगळ्या वाड्याच्या किल्ल्यांचा जुडगा एकाच नावाकडे. त्या नावाला 'रूट' म्हणतात. रूट झालेला माणूस कोणतीही खोली उघडू शकतो, कोणतीही भिंत पाडू शकतो. म्हणून शहाणा कारभारी रोजचे काम साध्या बिऱ्हाडकरूच्या नावाने करतो, आणि जुडगा गरजेपुरताच हातात घेऊन लगेच खाली ठेवतो. ही शिस्त आजही तशीच आहे.

युनिक्सचा वंश पुढे पुष्कळ वाढला. १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने युनिक्सच्याच धर्तीवर लिनक्स लिहायला घेतले. आपल्याकडे अँड्रॉइडचे जे फोन घरोघरी दिसतात, त्यांच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे. तेव्हा युनिक्सची गोष्ट आपल्यापासून फार लांबची आहे, असे समजू नका.

वाडा एक होता तोवर कारभार सोपा होता. कारभारी तिथेच बसे. यंत्रे वाढली, तारांनी एकमेकांना जोडली गेली, आणि त्यांचे जाळे झाले. जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला 'नोड' म्हणतात. नोड म्हणजे गाठ. आता एका कारभाऱ्याकडे पाच-पन्नास गाठी आल्या. प्रत्येकीपाशी चालत जाणे शक्य नव्हते. १९८३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेतून युनिक्सची जी आवृत्ती बाहेर पडली, तिच्यात जाळ्यावर बोलण्याची सोय होती, आणि त्याचबरोबर आपल्या जागेवरून दुसऱ्या यंत्रावर हुकूम सोडण्याची आणि तिकडे कागद पाठविण्याची साधनेही होती.

मोठी सोय झाली. परंतु त्या साधनांची ओळख पटविण्याची रीत फार भोळी होती. कारभारी एक यादी लिहून ठेवी : अमक्या यंत्रावरून येईल तो आपलाच माणूस, त्याला काही विचारू नये. शेजारच्या वाड्यातून आला ना, मग येऊ द्या आत! दुसरी गोष्ट अशी की, पासवर्ड, म्हणजे परवलीचा शब्द, तारेवरून उघडा जाई. पोस्टकार्डावर तिजोरीची खूण लिहून पाठवावी, तसेच ते. वाटेत ज्याच्या हातात कार्ड पडेल त्याने ते वाचावे. विद्यापीठांतली माणसे एकमेकांना ओळखत होती, म्हणून काही काळ निभावले.

२ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री ते निभेनासे झाले. कॉर्नेल विद्यापीठाचा रॉबर्ट मॉरिस हा विद्यार्थी. त्याने एक प्रोग्रॅम जाळ्यात सोडला. हा प्रोग्रॅम एका यंत्रावरून दुसऱ्यावर आपली प्रत आपणच चढवी, तेथून तिसऱ्यावर, तेथून चौथ्यावर. घरात शिरण्याच्या वाटा त्याला ठाऊक होत्या. टपालाच्या प्रोग्रॅममध्ये तपासणीसाठी ठेवलेले एक दार कित्येक ठिकाणी उघडेच राहिले होते. ती एक वाट. दुसऱ्या एका प्रोग्रॅममध्ये मावेल त्याहून अधिक मजकूर कोंबला की तो भलतेच हुकूम पाळू लागे, ती दुसरी. तिसरी वाट माणसांच्या आळसाची. त्या प्रोग्रॅमजवळ ४३२ शब्दांची एक यादी होती. ते शब्द तो पासवर्ड म्हणून एकामागून एक लावून पाही, आणि लोकांनी सोपे शब्द ठेवले असल्यामुळे कुलपे उघडत. एकदा आत शिरला की शेजाऱ्यावर विश्वास ठेवणाऱ्या त्या याद्या पुढची दारे आपणच दाखवीत.

यंत्रावर आपली प्रत आधीच असेल तर पुन्हा शिरू नये, अशी सूचना त्या प्रोग्रॅममध्ये होती. पण सातांतून एकदा ती सूचना न मानता शिरावे, असेही लिहिले होते. त्या सातव्या वेळेने घात केला. एकाच यंत्रावर प्रतींवर प्रती साचल्या, आणि यंत्रे आपल्याच ओझ्याखाली बसली. त्या वेळी जाळ्यावर सुमारे ६०,००० संगणक होते आणि त्यांतले सुमारे ६,००० बाधले, असा अंदाज तेव्हा झाला. घाबरलेल्या कारभाऱ्यांनी तारा काढून टाकल्या. तेव्हा उपाय सांगणारे निरोपही त्याच बंद वाटेवर अडकले. पुढे १९९० साली मॉरिसला न्यायालयाने ३ वर्षे देखरेखीखाली राहण्याची, ४०० तास समाजसेवेची आणि दंडाची शिक्षा दिली.

या प्रकारातून जाणकारांनी जो धडा घेतला तो असा : दूरच्या यंत्रावर सॉफ्टवेअर चढविण्याची ताकद ज्या वाटेने कारभाऱ्याला मिळते, त्याच वाटेने ती चोरालाही मिळते. वाट बंद करून चालत नाही, कारण कारभार थांबतो. वाट राहू द्यायची, आणि येणाऱ्याची ओळख पक्की करायची. आजच्या माझ्या भाषणाचे सार म्हणाल तर हेच.

ओळख पक्की करण्याचे एक उत्तम साधन १९९५ साली मिळाले. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी पासवर्ड चोरून ऐकीत होता. तेथील तातू युलोनेन या संशोधकाने त्यावर एसएसएच नावाचा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याच वर्षी सर्वांना वापरायला दिला. आज जगभरचे युनिक्स आणि लिनक्सचे कारभारी दूरच्या यंत्रावर जातात ते बहुधा याच वाटेने.

एसएसएच काय करतो? पहिले म्हणजे, पोस्टकार्डाऐवजी बंद लखोटा वापरतो. तारेवरून जे जाईल ते गणिताच्या कुलपात. दुसरे म्हणजे, पासवर्डाऐवजी सही मागू शकतो. बँकेत आपली नमुना सही ठेवलेली असते. चेकवरची सही तिच्याशी ताडून पाहतात. कागदावरची सही पाहून नक्कल करता येते. इथली सही मात्र गणिताची आहे. तिच्यात एक जोडी असते : एक गुप्त आकडा आणि एक उघडा आकडा. गुप्त आकडा कारभाऱ्याच्या स्वतःच्या यंत्रातून कधीच बाहेर जात नाही. उघडा आकडा म्हणजे नमुना सही. ती पन्नास यंत्रांवर ठेवून दिली तरी बिघडत नाही, कारण नमुना हाती असूनही नवी सही करता येत नाही. कारभारी दाराशी आला की त्या भेटीपुरता नवा मजकूर ठरतो आणि यंत्र म्हणते, यावर सही कर. मजकूर दरवेळी वेगळा, म्हणून कालची सही चोरून आज कामाला येत नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी लोक विसरतात. ओळख दोन्ही बाजूंनी पटवावी लागते. यंत्राने माणूस ओळखला पाहिजे, तसाच माणसानेही यंत्र ओळखले पाहिजे. पहिल्या भेटीत एसएसएच त्या यंत्राची खूण दाखवून विचारतो, "हेच ना?" एकदा हो म्हटले की तो खूण लिहून ठेवतो, आणि पुढे कधी ती बदललेली दिसली तर ओरडून सांगतो. अशा वेळी चौकशी न करता पुढे जाणे म्हणजे आवाज न ओळखता दार उघडणे.

माणूस ओळखीचा झाला. आता त्याच्या हातातल्या गाठोड्याचे काय?

शेतकरी मंडळींना हे मी वेगळे सांगायला नको. दुकानातून प्रमाणित बियाण्याची पिशवी घेताना तुम्ही काय पाहता? निळी चिठ्ठी आहे का, शिवण जागच्या जागी आहे का. चिठ्ठी सांगते बियाणे कोणी तपासले, आणि शिवण सांगते की वाटेत पिशवी कोणी उघडली नाही. लिनक्समध्ये सॉफ्टवेअर येते ते अशाच पिशव्यांतून. तिला पॅकेज म्हणतात. पॅकेजातल्या सगळ्या अक्षरांचे गणित करून एक ठसा काढतात. आपण वहीच्या पानाखाली बेरीज मांडतो ना, तसा. पण कितीतरी पट कडक. आतले एक अक्षर बदलले तरी सगळा ठसा बदलतो. या ठशांच्या यादीवर, किंवा त्या पॅकेजावरच, ते तयार करणारी संस्था आपली गणिती सही करते. पॅकेज उतरवून घेणारे यंत्र आधी सही तपासते, मग ठसा ताडून पाहते, आणि दोन्ही जुळले तरच पिशवी फोडते. तलाठी कार्यालयात न जाता डिजिटल सहीचा सातबारा मिळतो, त्या सहीमागेही असेच गणित आहे.

पॅकेजाच्या चिठ्ठीवर आणखी एक मजकूर असतो : हे चालायला आणखी काय काय लागेल. गाडीला जू हवे, जुवाला शिवळा हव्यात. एकटी गाडी आणून दारात उभी केली तर ती हलायची नाही. पूर्वी कारभाऱ्याला हे एकेक शोधून आणावे लागे. आता पॅकेज सांभाळणारा प्रोग्रॅम ती यादी वाचतो आणि जे कमी असेल ते आपणच मागवितो.

इथवर झाले एका यंत्राचे. शेकडो असतील तर? १९९४ साली अमेरिकेच्या नासा संस्थेत टॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी १६ साधे संगणक जोडून त्यांच्याकडून मिळून एक मोठे काम करून घेतले. त्यांवर लिनक्सच होते. आपल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली जो परम ८००० हा महासंगणक उभा केला, त्याचेही तत्त्व अनेक प्रोसेसरांनी वाटून काम करण्याचेच होते. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतले सगळेच लिनक्सवर चालत आले आहेत. अशा महासंगणकातल्या हजारो नोडांना पडदा नसतो, कळफलक नसतो. मडक्यांच्या उतरंडीसारखे ते कपाटांत रचलेले असतात. त्यांच्याशी बोलायचे ते जाळ्यावरूनच.

येथे हुकूम देण्याची पद्धतच बदलावी लागली. घरात रांजण आहे असे समजा. तुम्ही मुलाला सांगितले, "दहा घागरी पाणी ओत." रांजण रिकामा असेल तर ठीक. अर्धा भरलेला असेल तर पाणी घरभर होईल. मुलाने चार घागरी ओतल्या आणि कोणी हाक मारली म्हणून तो गेला. परत येऊन पुन्हा दहा ओतल्या, तरी तेच. त्याऐवजी सांगा, "रांजण भरलेला ठेव." आता तो आधी डोकावून पाहील, कमी असेल तेवढेच घालील, आणि भरलेला असेल तर स्वस्थ बसेल. हुकूम दहादा दिला तरी नुकसान नाही. १९९३ साली ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी सीएफइंजिन नावाचा प्रोग्रॅम लिहायला घेतला तो याच विचारावर. यंत्रांना कामांची यादी द्यायची नाही. ती कोणत्या स्थितीत असावीत ते लिहून ठेवायचे. प्रत्येक यंत्र अधूनमधून स्वतःकडे पाहते आणि जेथे फरक पडला असेल तेथे दुरुस्ती करून घेते. पुढे या कामाची जी साधने निघाली, त्यांतल्या बहुतेकांनी ही रीत उचलली.

पण मंडळी, ताकद वाढली की चुकीचीही ताकद वाढते. हजार यंत्रांना एकदम शहाणे करणारा हुकूम हजारांना एकदम वेडेही करू शकतो. याचे उदाहरण अजून ताजे आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीने, संगणकांच्या राखणीसाठी जे तिचे सॉफ्टवेअर असते, त्याच्यासाठी माहितीची एक नवी फाईल जगभर पाठविली. हे संगणक युनिक्सचे नव्हते, विंडोजचे होते. पण धडा सर्वांना सारखाच. फाईल सदोष होती. कंपनीने सव्वा तासाच्या आसपास ती मागे घेतली, तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख यंत्रे बंद पडली होती. विमाने खोळंबली, दवाखाने अडले. आपल्या देशातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपास द्यावे लागले. आणि नवी फाईल पाठवून काम का भागले नाही? कारण बंद पडलेले यंत्र हुकूम ऐकेल कसे? पुष्कळ ठिकाणी माणसांना एकेका यंत्रापाशी जाऊन, हाताने ती सदोष फाईल काढावी लागली. दूरवरचा हात निकामी झाला की शेवटी पायच कामाला येतात.

म्हणून जुने कारभारी दोन पथ्ये सांगतात. पहिले : नवे बियाणे सगळ्या रानात एकदम पेरू नका. आधी एका वाफ्यात टाका, उगवण पाहा, मग एकरभर, मग सगळे रान. पहिल्या दिवशी पाच यंत्रे, दुसऱ्या दिवशी पन्नास, मग पाचशे. दुसरे पथ्य : ज्या फांदीवर बसला आहात तिच्यावर कुऱ्हाड चालविण्याआधी शिडी लावून ठेवा. दूरच्या यंत्राच्या जाळ्याची जोडणीच बदलायची असेल, तर चूक होताच तुमचा आणि त्याचा संबंध तुटतो. दार आतून बंद, आणि किल्ली आत. तेव्हा बदल करण्यापूर्वीच यंत्राला सांगून ठेवतात : दहा मिनिटांत माझा निरोप आला नाही, तर सगळे होते तसे कर. बदल नीट झाला तर आपण परत आत येऊन तो हुकूम मागे घेतो. चुकला तर दहा मिनिटांनी यंत्र आपण होऊन पहिल्या जागी येते. इतकी साधी युक्ती. पण तिने कित्येकांचे रात्रीचे प्रवास वाचविले आहेत.

जेथे प्रवास करून जाण्याची सोयच नाही, तेथे हे पथ्य किती कडक पाळतात पाहा. १९७७ साली सोडलेले व्हॉयेजर-१ हे यान आज सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे गेले आहे. त्याचा संगणक युनिक्सच्याही रीतीचा नाही, फार जुना आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच्याकडून अर्थ न लागणारे संदेश येऊ लागले. त्याच्या स्मरणातला एक तुकडा खराब झाला होता. तेथल्या सूचना दुसरीकडे हलवायच्या, तर अखंड जागा कुठेच नव्हती. तुकडे करून विखरून ठेवाव्या लागल्या. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी आधी एकाच कामाच्या सूचना हलविल्या. तो संदेश पोहोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच. १८ एप्रिलला पाठविले, २० एप्रिलला कळले की साधले. मग पुढच्या सूचना. एक वाफा आधी, रान नंतर.

आता सर्वांत अवघड प्रश्न. चिठ्ठी खरी, शिवण शाबूत, सही जुळते; आणि तरीही बियाणेच वाईट असेल तर? केन टॉम्पसन यांनीच १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात हा धोका दाखवून दिला होता. जे सॉफ्टवेअर आपण स्वतः लिहिले नाही, त्याच्यावरचा विश्वास अखेर ते लिहिणाऱ्या माणसांवरचाच विश्वास असतो, असा त्यांच्या सांगण्याचा रोख होता. चाळीस वर्षांनी तो प्रसंग प्रत्यक्ष ओढवला. लिनक्समध्ये फाईली दाबून लहान करणारे एक्सझेड नावाचे एक साधन आहे. ते सांभाळणाऱ्याच्या मदतीला एक जण टोपणनावाने आला. सुमारे दोन वर्षे त्याने चांगले काम केले, विश्वास मिळविला, आणि मग २०२४ च्या आरंभी एसएसएचच्या वाटेने आत शिरता येईल असे एक चोरदार त्याने नव्या आवृत्तीत लपविले. पिशवीवर सही अगदी योग्य होती!

ते पकडले कोणी? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. आपल्या यंत्रावर एसएसएचने आत जायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, एवढेच त्याच्या ध्यानात आले. दुसरा असता तर म्हणाला असता, अर्ध्या सेकंदाचे काय घेऊन बसलात? त्याने माग काढला, आणि २९ मार्च २०२४ रोजी सगळ्या जगाला सावध केले. ते साधन बहुतेक मोठ्या ठिकाणी पोहोचण्यापूर्वीच थांबविता आले. सूचना उघड्या होत्या, कोणालाही वाचता येत होत्या, म्हणून माग काढता आला. आणि एक माणूस जागा होता, म्हणून तो काढला गेला. सही तपासण्याचे काम यंत्र करील. हे आज वेगळे का वाटते, असे विचारण्याचे काम मात्र माणसालाच करावे लागते.

आता पुन्हा आपल्या घराकडे येऊ. फोनमध्ये रात्री जे अपडेट येते, ते याच रीतीने सहीची तपासणी होऊन येते. म्हणून ते अडवू नका. मॉरिसच्या प्रोग्रॅमने वापरल्या तशा उघड्या वाटा बुजविण्यासाठीच पुष्कळदा ते असते. मात्र एक फरक नीट ओळखा. हल्ली भामटे फोन करतात. "बँकेतून बोलतोय, तुमचं खातं बंद होईल, मी सांगतो ते ॲप घ्या आणि त्यावरचा आकडा मला सांगा." ते ॲप असते दूरवरून तुमचा पडदा पाहण्याचे, कधी फोन चालविण्याचेही. कारभाऱ्यांच्या कामाचे एरवी उपयोगी हत्यार. पण तो आकडा सांगितला की तुम्ही एका अनोळखी माणसाला आपल्या वाड्याच्या किल्ल्या दिल्या. आपल्या वाडवडिलांनी कोऱ्या कागदावर अंगठा उठवून जमिनी घालविल्या. हा आकडा सांगणे म्हणजे कोऱ्या कागदावरचा अंगठाच समजा. कोणतीही बँक असे सांगत नाही. फसगत झालीच तर लाजून घरी बसू नका. १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवा. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात.

शिक्षक बंधुभगिनींना दोन शब्द. शाळेत संगणक असतील तर सर्व मुलांना एकच नाव आणि एकच पासवर्ड देऊ नका. प्रत्येकाचे नाव वेगळे असू द्या, आणि रूटचा जुडगा शिक्षकाजवळच असू द्या. आपला हक्क कुठवर आणि दुसऱ्याचा कुठून, हे मुलांना त्यातून आपोआप कळते. वर्गात एक खेळही करून पाहा. एक चिठ्ठी पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकापर्यंत उघडी पाठवा, आणि वाटेत एका मुलाला तिच्यातला एक आकडा गुपचूप बदलायला सांगा. मग दुसरी चिठ्ठी पाठवा; तिच्यातल्या सर्व आकड्यांची बेरीज मात्र आधीच फळ्यावर लिहून ठेवा. आकडा बदलला की बेरीज चुकते आणि मुले ओरडतात, "सर, कोणीतरी खोटं केलं!" पॅकेजाचा ठसा म्हणजे काय, हे त्या दिवशी मुलांना समजेल. दोन आकडे असे बदलले की बेरीज तीच राहील, तर काय? हा प्रश्न एखादी हुशार मुलगी नक्की विचारील. तिला सांगा, म्हणूनच खरा ठसा बेरजेहून कितीतरी अवघड गणिताने काढतात. आणि तिला ते गणित पुढे शिकायला लावा.

मंडळी, यंत्र दूर असले तरी त्याच्या पलीकडे माणसेच बसलेली असतात. आपल्या यंत्रावर हुकूम कोणाचा चालेल, हे ठरविण्याचा हक्क आपला आहे; आणि तो वापरायचा तर, आलास कुठून आणि आणलंस काय, एवढे दोन प्रश्न विचारण्याची सवय पुरे आहे. ती सवय आपण लावून घ्याल अशी आशा करतो.